उजवा जबडा दुखतो, उघडताना वाजतो: घरच्या घरी नेमकं काय करावं?

वडगावचा_दादा

बहिणीसाठी विचारतोय. वय ३४, बेळगावच्या वडगावात घरीच ब्लाऊज शिवते, लग्नसराईत मशीनवरून उठतच नाही. तीन आठवडे झाले, उजव्या कानाच्या पुढे दुखतंय, सकाळी जास्त. तोंड उघडताना कट्ट करून वाजतं. भाकरी चावली की कानशिलापर्यंत कळ जाते. कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. दातांचा एक्स-रे काढला, दाढेतही काही नाही. "जबड्याचा सांधा आहे, जास्त चावू नका," एवढ्यावर घरी पाठवलं.

आता घरात प्रत्येकाचं वेगळं. आई म्हणते मिठाच्या पोटळीनं शेक. शेजारच्या काकू म्हणतात बर्फ लाव. भावजी म्हणतात च्युइंगम चघळ, व्यायाम होईल. रात्री दातांवर घालायचं रबरी गार्ड ऑनलाइन मिळतं, ते मागवावं का? गरम की गार, खायचं काय, व्यायाम कुठले आणि किती, आणि कधी घरगुती उपाय सोडून दवाखाना गाठायचा, एवढं कुणीतरी नीट सांगा की.

—

शहापूरचा_दंतवैद्य

दादा, च्युइंगम आजपासून बंद. दुखऱ्या स्नायूला आणखी राबवून तो मोकळा होत नाही.

आधी दुखतंय ते सांध्यात की स्नायूत, ते बघा. ताईंनी दोन्ही तळवे गालांवर ठेवून दात हलकेच आवळावेत. गालात टणक फुगवटा येतो तो चावण्याचा मोठा स्नायू. तसंच कानशिलावर बोटं ठेवून आवळलं की तिथला पंख्यासारखा पसरलेला स्नायू हलतो. हे दाबून नेहमीचंच दुखणं जागं होत असेल तर मुख्य तक्रार स्नायूंची. मग कानाच्या छिद्रापुढे जो छोटा कूर्चेचा उंचवटा आहे, त्याच्या पुढ्यात बोट ठेवून तोंड उघड-मीट करा. बोटाखाली खालच्या जबड्याच्या हाडाचं डोकं पुढे सरकताना लागतं. नेमकं तिथंच टोचल्यासारखं दुखलं तर सांधा. बऱ्याच जणांना दोन्ही थोडं थोडं असतं. या स्नायूंचं दुखणं कानात, वरच्या दाढांत आणि डोक्यात उमटतं, म्हणूनच लोक आधी कानवाल्याकडे जातात आणि कधी कधी चांगली दाढ काढून बसतात.

आवाजाचं. हाडाचं डोकं आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक चकती असते. ती जरा पुढे घसरलेली असली की तोंड उघडताना डोकं तिच्यावर चढतं आणि कट्ट वाजतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर त्याला उपचार लागत नाही. आवाज घालवायच्या मागे लागू नका, दुखणं गेल्यावरही तो राहू शकतो. भीती उलट गोष्टीची: रोज वाजणारा सांधा एक दिवस अचानक वाजायचा थांबला आणि त्याच वेळी तोंड उघडेना झालं, हनुवटी दुखऱ्या बाजूला ओढली जाऊ लागली, तर चकती पुढेच अडकली. तेव्हा घरी ताणत बसू नका, पहिल्या काही दिवसांतच दाखवा. उशीर झाला की ते सोडवणं अवघड होत जातं.

तोंड किती उघडतं ते मोजून लिहून ठेवा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर. शाळेच्या पट्टीला शून्याच्या आधी कोरी जागा असते, त्यामुळे आकडा चुकतो. त्यापेक्षा पुठ्ठ्याची पट्टी कापून तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा करा. दोन आकडे घ्यायचे: न दुखता किती आणि दुखलं तरी जास्तीत जास्त किती. मोठ्या माणसाचं साधारण ४० मिलिमीटर किंवा जास्त उघडतं, म्हणजे स्वतःची मधली तीन बोटं उभी एकावर एक बसतात. ३५ च्या खाली असेल तर कमी समजायचं. आठवड्यातून दोनदा, एकाच वेळी मोजा. दिवसभर उघडून बघत राहणं हाच एक मार होतो सांध्याला.

आता ताईंच्या कामाकडे या, कारण माझ्या मते दुखण्याचं मूळ तिथं असायची शक्यता बरीच आहे. शिवताना धागा दातानं तोडतात का? टाचण्या दातात धरतात का? पुढच्या दातांनी धागा तोडायला खालचा जबडा पुढे काढावा लागतो, म्हणजे हाडाचं डोकं खोबणीतून पुढे येतं आणि त्याच अवस्थेत त्याच्यावर जोर पडतो. टाचणी धरली की जबडा पाच-पाच मिनिटं आवळून राहतो. धागा कापायची छोटी कात्री फितीला बांधून मशीनलाच अडकवा, टाचण्यांची गादी मनगटावर बांधा. हे दोन बदल केल्याशिवाय बाकीचं सगळं अर्धंच लागू पडेल.

आणि सर्वांत महत्त्वाचं: ओठ मिटलेले, दात सुटे. चावताना आणि गिळताना सोडलं तर वरच्या दातांना खालचे दात टेकायचं काही काम नाही. बारीक काम करताना, सुईत दोरा ओवताना माणूस नकळत दात आवळतो. लाल टिकल्या घ्या. एक मशीनच्या डोक्यावर, एक मोबाइलच्या मागे, एक गॅसच्या मागच्या फरशीवर. टिकली दिसली की दात टेकलेत का बघायचं, टेकले असतील तर "न" म्हणून जीभ जिथं लागली तिथंच, टाळ्याला, अलगद राहू द्यायची, खांदे खाली सोडायचे, नाकानं श्वास घ्यायचा. आठवड्यानं टिकल्यांच्या जागा बदला, नजरेला सवय झाली की त्या दिसायच्या बंद होतात.

—

टिळकवाडी_फिजिओ

डॉक्टरांनी पाया सांगितलाच, मी हाताचं काम सांगते.

गरम की गार: मार लागलेला नसेल, गालावर सूज नसेल आणि दुखणं बोथट, पसरलेलं असेल तर गरम, आणि तेही ओलं. नॅपकिन गरम पाण्यात बुडवून पिळायचा, आधी मनगटाला लावून बघायचा, मग गालापासून कानशिलापर्यंत ठेवायचा. तो दोन-तीन मिनिटांत निवतो, म्हणून दोन नॅपकिन आळीपाळीनं वापरा. एकूण १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. गरम पाण्याची पिशवी असेल तर तिला ओला कपडा गुंडाळा. बर्फ कधी, तर मार लागल्यावर पहिले दोन दिवस, किंवा सांध्यातच एकाएकी तीव्र कळ उठली तर. तेव्हा कापडात गुंडाळून १० मिनिटं, थेट कातडीवर कधीच नाही.

मिठाच्या पोटळीनं बिघडत नाही, पण तव्यावरून उचललेल्या मिठाची उष्णता कळत नाही आणि गालाची कातडी पातळ असते. मधुमेहानं संवेदना कमी झालेल्यांना तर भाजलेलंही कळत नाही. आईंना म्हणावं, नॅपकिन बरा. दाढ सुजून ताप आला असेल तर शेक द्यायचाच नाही.

मालीश शेकल्यावर. दात सुटे ठेवून तीन बोटं गालाच्या हाडाखाली ठेवा, हळू गोल फिरवत जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत खाली या. एका बाजूला दीड-दोन मिनिटं. जास्त दुखणारी गाठ लागली तर तिथं सोसवेल इतक्या दाबानं दहा सेकंद थांबा, सोडा, पुन्हा. कानशिलावर तसंच. तेल लावलं तर बोटं घसरतात आणि दाब बसत नाही, म्हणून अगदी थोडं. जबड्याखाली गळ्याच्या पुढच्या बाजूला मात्र रगडू नका, तिथून डोक्याकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते.

व्यायामात लोक जोर लावतात आणि तिथंच बिघडतं. पहिला आठवडा एवढंच करा: आरशासमोर ताठ बसा, आरशावर मधोमध दोरा चिकटवा. जिभेचं टोक टाळ्याला, आणि जीभ न सोडता जेवढं तोंड उघडेल तेवढंच उघडा. खालच्या दातांची मधली फट दोऱ्याच्या रेषेत खाली गेली पाहिजे. बाजूला सरकायला लागली की तिथंच थांबा, त्याच्या अलीकडे काम करा. सहा वेळा, आणि दिवसभरात सहा खेपा. जीभ टाळ्याला असली की हाडाचं डोकं फार पुढे सरकत नाही, त्यामुळे कट्ट वाजायच्या आतच हालचाल होते. त्याच खेपेत मानेचं: हनुवटी खाली न वाकवता सरळ मागे घ्या, सहा वेळा. मशीनवर वाकून बसलं की डोकं पुढे येतं, मानेच्या पुढचे स्नायू खालचा जबडा मागे ओढतात आणि चावायचे स्नायू त्याला धरून ठेवायला दिवसभर राबतात. ताईंच्या खुर्चीची उंची बघा. कापड बघायला कंबरेतून वाकावं लागत असेल तर खुर्ची आणि मशीन यांचा मेळ बसलेला नाही.

दुसऱ्या आठवड्यात दुखणं उतरू लागलं तर हलका विरोध घाला. दोन बोटं हनुवटीखाली, तोंड बोटभर उघडायचा प्रयत्न, बोटांनी थोडं अडवायचं, पाच-सहा सेकंद. मग बोटं हनुवटीच्या उजवीकडे, मग डावीकडे. जबडा हलायला नको, इतकाच जोर.

बोटांनी ताणणं सर्वांत शेवटी, आणि फक्त स्नायू आखडून तोंड कमी उघडत असेल तर. शेकल्यावर अंगठा वरच्या पुढच्या दातांच्या कडेला, तर्जनी खालच्या दातांवर, ओढ जाणवेपर्यंत हळू उघडून २० ते ३० सेकंद, तीन वेळा. डॉक्टरांनी सांगितलेली अडकलेली चकती असेल तर हा व्यायाम कुणाच्या देखरेखीशिवाय करू नका.

मोजमाप एकच: व्यायामानंतर वाढलेलं दुखणं पंधरा मिनिटांत पहिल्यासारखं व्हायला हवं. तासभर राहिलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त असेल तर संख्या निम्मी करा. बंद मात्र करू नका. आठवडाभर जबडा हलवलाच नाही तर तो आणखी आखडतो. म्हणूनच रुमालानं जबडा बांधून ठेवायचा जो उपाय गावाकडे करतात, तो नको.

—

खानापूरची_सुगरण

आहाराचं मी सांगते, दवाखान्याच्या स्वयंपाकघरात हेच माझं काम आहे.

दोन आठवडे मऊ खायचं म्हणजे नुसत्या पेजेवर राहायचं असं नव्हे. पेजेनं अंगातली ताकद जाते. भाकरी सोडायची गरज नाही, कडक भाकरी सोडायची. ज्वारीची ताजी, पातळ भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून दहा मिनिटं भिजवा. घास अंगठ्याच्या नखाएवढा. मऊ भात, मुगाची खिचडी, इडली, उप्पीट, नाचणीची आंबील, चिरमुऱ्यांचा सुसला, हे सगळं चालतं. कोरडे चिरमुरे फरसाण घालून मात्र नको, त्यातले फुटाणे आणि शेंगदाणे घात करतात. शेंगदाण्याचं कूट आमटीत घाला, प्रथिनं मिळतात आणि चावावं लागत नाही. अंडं, दही, मासे, खिमा चालेल. मटण खायचंच तर कुकरला जास्त शिट्ट्या देऊन बोटानं सुटेल इतकं शिजवा.

बंद करायच्या यादीत ऊस पहिला. चिकोडी-अथणीकडे हंगामात येता-जाता कांडं सोलतात, पुढच्या दातांनी साल ओढणं म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या धाग्याचाच मोठा प्रकार. मग हुरडा, भाजक्या शेंगा, कच्चं खोबरं, पेरू, चकली. गोकाकचा करदंट तर अजिबात नको, डिंकामुळे दाताला धरतो आणि प्रत्येक घासाला जबडा ओढून सोडवावा लागतो. कुंदा खा हवा तर. मांडे आवडत असतील तर गरम दुधात मोडून घाला. सफरचंद किसून, मक्याचं कणीस असेल तर दाणे काढून, शिजवून, वाटून.

घास दोन्ही बाजूंनी चावायचा. दुखतंय म्हणून सगळं डाव्या बाजूला ढकललं की महिन्यानं डावी बाजू दुखायला लागते. तिसऱ्या आठवड्यापासून एकेक पदार्थ परत आणा: आधी मऊ पोळी, मग न भिजवलेली ताजी भाकरी, मग कच्ची काकडी. एका वेळी एकच, म्हणजे कशानं दुखलं ते कळतं. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरायला सांगा, मोठा आ होत नाही.

—

वडगावचा_दादा

फार उपकार झाले. धागा दातानंच तोडते, टाचण्याही दातात असतात. आज मोजलं: न दुखता ३१, जास्तीत जास्त ३८. गालाचा स्नायू दाबला की तेच दुखणं येतं म्हणते. दोन गोष्टी राहिल्या. गार्डचं काय करू? आणि गोळी कुठली देऊ? घरात वडिलांच्या गुडघ्याच्या गोळ्या आहेत, त्यातली चालेल का?

—

शहापूरचा_दंतवैद्य

३८ म्हणजे सांधा अडकलेला वाटत नाही, स्नायू दुखल्यामुळे उघडायला कचरतोय. न दुखता उघडणारा ३१ चा आकडा वाढत जातो का, त्याच्यावर लक्ष ठेवा.

ऑनलाइन गार्ड मागवू नका. गरम पाण्यात मऊ करून चावायचं रबर काही लोकांना आणखी चावायला उद्युक्त करतं. त्याहून वाईट ते फक्त पुढच्या दातांवर बसणारं. मागच्या दाढांना टेकायला काही नसल्यामुळे महिन्यांत दातांची ठेवण बदलू शकते. झोपेत दात खाऊन दात झिजत असतील तर दंतवैद्य माप घेऊन सगळ्या दातांवर बसणारी कडक प्लेट करतात. ती दातांची झीज थांबवते. दुखण्यासाठी तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. तीन महिन्यांहून जुन्या जबडादुखीसाठी २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं मार्गदर्शक सूचना छापल्या. त्यांत शिकवून करून घेतलेले जबड्याचे व्यायाम, मानेची ठेवण, हातानं केलेले उपचार आणि वेदनेला सामोरं जायला शिकवणारा मानसोपचार यांना जोरदार पाठिंबा आहे. प्लेट, सांध्यातली इंजेक्शनं, बोटॉक्स यांची शिफारस नाही. या दुखण्यासाठी दात घासून चाव बदलून घ्या किंवा तारा लावा असं कुणी म्हणालं तर होकार देऊ नका. घासलेला दात परत येत नाही.

झोपेचंही बघा. पालथं झोपून गाल उशीत दाबला जात असेल तर कुशीवर किंवा उताणं. संध्याकाळनंतर चहा-कॉफी कमी. ताई घोरत असतील आणि दिवसा पेंग येत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, दात खाण्याशी त्याचा संबंध असू शकतो. उदासीनतेवरच्या काही गोळ्यांनीही दात आवळले जातात, पण अशी गोळी चालू असेल तर आपल्या मनानं थांबवू नका.

—

औषधवाला_संकेश्वर

वडिलांच्या गोळ्या देऊ नका दादा. गुडघ्यासाठी दिलेल्या गोळ्यांत बहुधा दोन-तीन औषधं एकत्र असतात, वरून कुणी तापाची गोळी घेतली की पॅरासिटामॉल दुप्पट होतं. पट्टीच्या मागं बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा.

साधं पॅरासिटामॉल ५०० ची एक किंवा दोन, दोन वेळांत किमान सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल, दारू असेल तर मर्यादा त्याहून खाली. स्नायू किंवा सांधा जास्तच दुखत असेल तर आयबुप्रोफेन ४००, जेवणानंतर, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, पाच-सात दिवसच, आणि ते आपल्या डॉक्टरांना विचारून. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा, रक्त पातळ करायची किंवा बीपीची गोळी, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर नाही म्हणजे नाही. दुखलं की एक, असं अधूनमधून घेण्यापेक्षा ठरलेले थोडे दिवस वेळेवर घेतलेलं जास्त कामाला येतं.

डायक्लोफेनॅकचं जेल गालावर लावता येतं, वाटाण्याएवढं, डोळ्यापासून आणि ओठांपासून लांब. लावल्यावर हात धुवा, त्याच्यावर लगेच शेक देऊ नका. गोळी आणि जेल दोन्ही एकदम चालू ठेवू नका. स्नायू सैल करायच्या गोळ्या कुणी काउंटरवरून दिल्या तरी घेऊ नका. त्यांनी गुंगी येते आणि ताईंचं काम सुईचं आहे.

—

निपाणी_मुखरोग

ही चर्चा सीमाभागातले बरेच जण वाचतील म्हणून दोन शब्द वेगळे लिहितो. ताईंचा प्रश्न तो नसेलही.

आपल्याकडे तोंड कमी उघडायचं फार मोठं कारण सुपारी आहे. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याचं तोंड महिनोन् महिने हळूहळू आवळत जातं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. तिखट लागलं की आग होते, गालाच्या आतला भाग पांढुरका आणि कडक होतो, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात, जीभ पूर्ण बाहेर येत नाही, शिट्टी वाजवता येत नाही, फुगा फुगवता येत नाही. हा सांध्याचा आजार नव्हे. यावर शेक आणि मालीश करत बसलात तर वेळ जातो, आणि या आजाराचं पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकतं. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही यात तेवढीच दोषी. सुपारी त्याच दिवशी बंद करून तोंड तपासून घ्या. बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत, तिथं मुखरोग विभाग कुठे म्हणून विचारा. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं.

दादांनी "कधी पळायचं" विचारलं होतं, ते कुणी एका जागी लिहिलेलं दिसलं नाही. जबड्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप, डाव्या हातात कळ: ताबडतोब १०८, हे हृदयाचं असू शकतं. तोंड उघडं राहिलं आणि मिटेना: सांधा निखळलाय, घरी ढकलाढकली न करता लगेच दवाखाना. जखम झालेली असून काही दिवसांनी दातखीळ बसू लागली: धनुर्वात धरून चला आणि थेट मोठं इस्पितळ. ताप, गाल किंवा गळा सुजणं, गिळता न येणं: दाढेचा किंवा अक्कलदाढेचा संसर्ग, त्याच दिवशी दाखवा. पन्नाशीनंतर नव्यानं कानशील दुखणं, चावताना जबडा थकून थांबावं लागणं आणि नजर अंधुक होणं: हे कमी आढळतं, पण त्यात दृष्टी जाऊ शकते, त्याच दिवशी डॉक्टर. विजेचा झटका बसल्यासारखी सेकंदभराची कळ, दात घासताना किंवा तोंड धुताना येणारी: ती नसेची, तिला वेगळं औषध असतं.

यातलं काही नसेल तर वर सांगितलेलं तीन-चार आठवडे नेटानं करा. तेवढ्यात न दुखता उघडणारा आकडा वाढलाच नाही तर पुठ्ठ्याची पट्टी आणि लिहिलेले आकडे घेऊन दंत महाविद्यालयात जा. तिथल्या डॉक्टरांना ही वही एक्स-रेइतकीच उपयोगी पडते.

—

टिळकवाडी_फिजिओ

एक राहिलंच. मशीनवर असताना फोन आला की शिवणाऱ्या बायका तो खांदा आणि गालाच्या मध्ये धरतात. उजवी बाजू दुखतेय, फोन पण उजवीकडेच धरतात का विचारा. वायरचे इअरफोन द्या त्यांना. आणि दर पाऊण तासानं उठायला लावा, एका ब्लाऊजच्या बाह्या जोडून झाल्या की उठायचं असं ठरवलं तर घड्याळ बघावं लागत नाही.